नरक्या आणि अमृता : वनस्पती व कर्करोग यांच्या नात्याचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी भोपाळसारख्या हिंदीभाषी नगरात मराठी मुलांची भाषा तर टिकवून धरलीच. पण ऐकलेली गोष्ट पारखून मगच स्वीकारण्याची शिस्तही त्यांना लावली. आजचा विषय निवडताना ही दुसरी देणगी माझ्या मनात अधिक होती.

मराठीचा एक निवृत्त अध्यापक कर्करोगाच्या औषधांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मी वैद्य नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. शब्दांचा आणि ग्रंथांचा मागोवा घेण्यात माझे आयुष्य गेले. परंतु औषधांचा इतिहास हाही अखेर माणसांचा, त्यांच्या श्रमांचा आणि पुष्कळदा शब्दांचाच इतिहास असतो. सह्याद्रीतल्या एका झाडाला आपल्या लोकांनी दोन नावे दिली आहेत. एक नाव 'नरक्या' आणि दुसरे 'अमृता'. एकाच झाडाच्या ललाटी नरक आणि अमृत कसे लिहिले गेले, हे शोधू लागलो आणि त्या वाटेने नंदुरबारपासून अमेरिकेपर्यंत जाऊन पोचलो. तो प्रवास आज आपणांपुढे मांडतो.

आधी 'कर्करोग' या शब्दाकडे पाहू. हा शब्द आपल्या परंपरेतला जुना वाटतो. पण तो पाश्चात्त्य संज्ञेवरून घडविलेला आहे. हिपोक्रेटिस याने या गाठींना ग्रीक भाषेत खेकड्याचे नाव दिले, लॅटिनमध्ये त्याचे 'कॅन्सर' झाले आणि आपण राशिचक्रातला 'कर्क' घेऊन 'कर्करोग' हा शब्द सिद्ध केला. आपल्या जुन्या वैद्यकातला शब्द आहे 'अर्बुद'. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची आणि गलगंड यांच्यासमवेत अर्बुदाचे वर्णन येते. गोल, स्थिर, खोल मूळ धरणारी, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी अशी ही मांसाची गाठ. त्यापुढे 'अध्यर्बुद' व 'द्विरर्बुद' असे आणखी दोन शब्द येतात. आधीच्या अर्बुदावर दुसरे उठले, किंवा एकाच्या जोडीने दुसरे झाले, तर त्याला ही नावे आहेत आणि अशी अवस्था असाध्य मानली आहे.

सुश्रुताने वर्णिलेले प्रत्येक अर्बुद आजच्या अर्थाने कर्करोगच होता, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि, गाठ एका जागी असणे निराळे आणि ती पसरणे निराळे, हा भेद त्या निरीक्षकांच्या ध्यानात आला होता, एवढे निश्चित. आजही कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीने होत नाहीत. ते तिच्या पेशी शरीरात अन्यत्र जाऊन रुजल्याने होतात. म्हणूनच पेशींची ही बेबंद वाढ आणि त्यांचा प्रसार रोखणारे द्रव्य शोधणे हा विसाव्या शतकातील वैद्यकाचा एक मोठा ध्यास ठरला. त्या शोधात वनस्पतींचा वाटा फार मोठा आहे.

प्रारंभ आपल्या अंगणातूनच करू. सदाफुली कोणाला ठाऊक नाही? भोपाळात तिला 'सदाबहार' म्हणतात. तुळशीवृंदावनाच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत, कोठेही ती फुललेली दिसते. ती मूळची मादागास्कर बेटाची. जगाच्या अनेक भागांत, आणि आपल्याकडेही, तिच्या पानांचा उपयोग मधुमेहावर करण्याची लोकरीत होती. १९५२ मध्ये जमैका बेटावरून आलेली तिची पंचवीस पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. पानांच्या अर्काने रक्तातील साखर उतरते काय, हे पाहण्याचा त्यांचा हेतू होता. साखर उतरली नाही; परंतु ज्या उंदरांना अर्क टोचला होता, त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या.

नोबल यांनी या अनपेक्षित निष्कर्षाला निरुपयोगी मानून बाजूला सारले नाही. पांढऱ्या पेशी घटविणारे द्रव्य, ज्या रोगात याच पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडू शकेल, असा तर्क त्यांनी केला. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी १९५८ मध्ये 'विनब्लास्टीन' हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच वनस्पतीवर काम करीत होते. त्यांच्या कामातून 'विनक्रिस्टीन' हाती आले आणि १९६३ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग त्यापूर्वी जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरे. विनक्रिस्टीन व इतर औषधे एकत्र देण्याची पद्धत विकसित होत गेली आणि आज जेथे उत्तम सोयी आहेत, त्या देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

या कथेतील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. लोकपरंपरेने शास्त्रज्ञांचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. पण परंपरेने सांगितलेला गुण निराळा होता आणि प्रयोगाने सापडलेला गुण निराळाच निघाला. दुसरे असे की, सदाफुलीची पाने चावून खाल्ल्याने कर्करोग बरा होत नाही. टनभर सुक्या पानांतून मोजके ग्रॅम विनक्रिस्टीन निघते आणि तेही शिरेतूनच, वजन-मापे काटेकोर पाहून द्यावे लागते. मात्रा चुकली तर ते मज्जातंतूंना इजा करते.

आता आपल्या मुख्य कथानायकाकडे वळतो. नंदुरबार म्हटले की आपणांस १९४२ सालचा बालहुतात्मा शिरीषकुमार आठवतो आणि ते योग्यच आहे. त्याच नंदुरबारात २० फेब्रुवारी १९२५ रोजी मनसुख वाणी यांचा जन्म झाला. त्या वेळी हे गाव मुंबई इलाख्यातील पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. वाणी यांनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या पदव्या घेतल्या, पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संशोधन करून पीएच.डी. मिळविली आणि १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांना मनरो वॉल हे ज्येष्ठ सहकारी लाभले. या दोघांच्या नावावर कर्करोगाच्या औषधांतील दोन मोठे शोध आहेत. एक 'कॅम्प्टोथेसिन' आणि दुसरा 'टॅक्सॉल'. खानदेशच्या मातीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते, याची खंत येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

वॉल यांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकात ते फिलाडेल्फियाजवळील सरकारी शेतकी प्रयोगशाळेत होते. कॉर्टिसोन या औषधासाठी कच्चा माल पुरविणाऱ्या वनस्पती शोधणे हे त्यांचे काम होते आणि त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क तेथे साठविलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जोनाथन हार्टवेल यांच्या विनंतीवरून त्यांनी १९५७ च्या सुमारास त्यांपैकी सुमारे एक हजार अर्क कर्करोगविरोधी चाचणीसाठी पाठविले. त्यांत चीनमधील 'कॅम्प्टोथेका' या वृक्षाचा अर्क विशेष गुणकारी आढळला. चिनी भाषेत या वृक्षाच्या नावाचा अर्थ 'आनंदवृक्ष' असा होतो.

१९६० मध्ये वॉल नॉर्थ कॅरोलायनात आले. दोन वर्षांनी वाणी त्यांना येऊन मिळाले. अर्कात शेकडो द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांपैकी गुणकारी द्रव्य कोणते, हे ओळखण्यासाठी अर्काचे भाग करायचे, प्रत्येक भागाची चाचणी घ्यायची, गुणकारी भागाचे पुन्हा भाग करायचे, असा क्रम त्यांनी चालविला. हे काम रुक्ष आणि वेळखाऊ होते. १९६६ मध्ये त्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये, या वेळी वाणी यांचे नाव अग्रभागी ठेवून, टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध झाली. टॅक्सॉल निघाले ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या सालीतून. सुमारे १२ किलो सुक्या सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव्य हाती आले होते. एवढ्याशा चूर्णावरून रेणूचा संपूर्ण आराखडा मांडावयाचा, हे त्या काळच्या साधनांनी किती कठीण असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

एखादे मोठे यश पाहताना त्यामागची निष्फळ खटपट आपल्या नजरेआड होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले. त्यांतून रुग्णांपर्यंत पोचलेली औषधे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. प्रयोगशाळेत पेशी मारणारी द्रव्ये पुष्कळ सापडतात. रुग्णाला न मारता केवळ रोगाला आवर घालणारे द्रव्य मात्र विरळा.

आता सह्याद्रीत येऊ. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातील सदाहरित व निमसदाहरित जंगलांत नरक्या हे लहानखुरे झाड वाढते. त्याच्या फुलांना उग्र, नकोशी दुर्गंधी येते. 'नरक्या' हे नाव त्या दुर्गंधीचेच द्योतक होय. त्याचे शास्त्रीय नाव 'नोथापोडायटिस निम्मोनियाना'. या नावातही मुंबईच्या इतिहासाचा एक तुकडा दडलेला आहे. मुंबईच्या टपालखात्यातील एक वरिष्ठ अधिकारी जॉन ग्रॅहम यांना वनस्पतिशास्त्राचा नाद होता. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्यांनी तयार केलेली सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती छापून पूर्ण होण्यापूर्वीच खंडाळा येथे त्यांचे निधन झाले आणि जोसेफ निम्मो या त्यांच्या वनस्पतिप्रेमी स्नेह्याने ते काम तडीस नेले. या झाडाला ग्रॅहम यांनी निम्मो यांचे नाव दिले होते. पुढे झाडाचे कूळ व नावे अनेकदा बदलली. विसाव्या शतकातील बराच काळ ते 'मॅपिया फीटिडा' म्हणून ओळखले जाई. त्यातील 'फीटिडा' म्हणजेही दुर्गंधीयुक्त. युरोपीय पंडितांना लॅटिनमधून जे सुचले, ते आपल्या डोंगरातील माणसांनी मराठीत आधीच म्हणून ठेवले होते.

१९६३ मध्ये मुंबईच्या गोरेगाव येथे सीबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे नेतृत्व टी. आर. गोविंदाचारी या नामांकित रसायनशास्त्रज्ञाकडे होते. तत्पूर्वी ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये असे दाखवून दिले की, वॉल आणि वाणी यांना चिनी वृक्षात सापडलेले कॅम्प्टोथेसिन आपल्या या दुर्गंधी झाडातही आहे आणि ते चिनी वृक्षापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आहे. त्याचे एक सख्खे भावंड म्हणता येईल असे नवे द्रव्यही त्यांना याच झाडात आढळले. ही दोन झाडे वनस्पतिशास्त्रातल्या निरनिराळ्या कुळांतली. तरीही दोघांनी एकच गुंतागुंतीचा रेणू घडवावा, हे निसर्गाचे एक नवल आहे. नंदुरबारच्या माणसाने अमेरिकेत ज्याची रचना उलगडली, ते द्रव्य साताऱ्या-कोल्हापूरच्या डोंगरात पूर्वीपासून नांदत होते.

हे द्रव्य करते तरी काय? आपल्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहितीचा एक लांबलचक दुपदरी दोर असतो. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या दोराची प्रत काढावी लागते आणि त्यासाठी त्याचे पदर उलगडावे लागतात. सुंभाचे दोन पदर मधूनच ओढून वेगळे करू पाहिले तर पुढच्या भागाला जास्तीचा पीळ बसतो, हे आपण अनुभवले आहे. पेशीत हा पीळ सैल करण्याचे काम एक विकर करते. ते एक पदर कापते, पीळ उतरू देते आणि कापलेली टोके पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापलेल्या जागी जाऊन अडकते आणि सांधा पूर्ण होऊ देत नाही. प्रत काढणारी यंत्रणा तेथवर आली की ती त्या अर्धवट कामावर आदळते, दोर कायमचा तुटतो आणि पेशी मरते. वारंवार विभागणाऱ्या पेशींना हा आघात अधिक बसतो. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात.

सदाफुली व टॅक्सॉल यांची तऱ्हा वेगळी आहे. विभाजनाच्या वेळी पेशीत सूक्ष्म नलिकांचा एक तात्पुरता मांडव उभा राहतो आणि कार्य आटोपताच तो उतरविला जातो. सदाफुलीतील द्रव्ये मांडव उभाच राहू देत नाहीत. टॅक्सॉल उभा राहिलेला मांडव उतरू देत नाही. टॅक्सॉलची ही कार्यपद्धती सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवून दिली. उपाय परस्परविरुद्ध असले, तरी दोहोंचे फळ एकच, विभाजन अडते.

मात्र कॅम्प्टोथेसिनचा मार्ग सरळ नव्हता. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचे विद्राव्य सोडियम लवण करून रुग्णांना दिले गेले. या लवणात रेणूचे एक कडे उघडलेले असते आणि त्यामुळे त्याचा गुण मंदावतो. पण मूत्राशयातील आम्लतेत ते कडे पुन्हा जुळते आणि द्रव्य तेथे पुरते जहाल बनते. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, अस्थिमज्जा खचली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. कॅम्प्टोथेसिन जवळजवळ विस्मृतीत गेले. पुढे १९८५ मध्ये, पीळ उतरविणाऱ्या विकरावर त्याचा होणारा परिणाम उघडकीस आला आणि पुन्हा कामाला चालना मिळाली. मूळ रेणूत सुधारणा करून जपानमध्ये 'इरिनोटेकन' आणि अमेरिकेत 'टोपोटेकन' ही औषधे सिद्ध झाली. अमेरिकेत १९९६ मध्ये दोन्हींना मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात ती आजही वापरात आहेत. टॅक्सॉलला १९९२ मध्येच मान्यता मिळाली होती.

ही कथा येथेही थांबत नाही. अलीकडे कॅम्प्टोथेसिन कुळातील द्रव्ये प्रतिपिंडाला जोडून थेट कर्कपेशीच्या दाराशी नेण्याचे तंत्र यशस्वी झाले आहे. स्तनाच्या कर्करोगावरील अशी दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली, पहिले डिसेंबर २०१९ मध्ये आणि दुसरे एप्रिल २०२० मध्ये. त्याच एप्रिल महिन्यात पंचाण्णव वर्षांचे मनसुख वाणी निवर्तले. मनरो वॉल त्यापूर्वी, २००२ मध्ये गेले होते. दोघांना २००० साली कर्करोग संशोधनासाठीचा केटरिंग पुरस्कार मिळाला होता आणि २००३ मध्ये त्यांच्या संशोधनाला अमेरिकन केमिकल सोसायटीने राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा दर्जा दिला.

येथे दोन मराठी संशोधकांचे स्मरण करणे माझे कर्तव्य आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घातला. १९५२ मध्ये स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र हे त्यांच्याच प्रयत्नांचे फळ. पुण्याच्या हुजूरपागेची विद्यार्थिनी कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, या त्यांच्या शिष्या. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात मानवी कर्कपेशी अखंड वाढविण्याचे तंत्र ज्यांनी साध्य केले, तेच हे गे. रणदिवे यांनी मायदेशी परतून मुंबईत ऊतिसंवर्धनाची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

काचपात्रातील पेशी हे संशोधनाचे पहिले दार आहे. पण वर्तमानपत्रात 'अमुक वनस्पतीने कर्कपेशींची वाढ रोखली' अशी बातमी येते, तेव्हा बहुधा ती या पहिल्या दाराचीच असते. त्यापुढे प्राण्यांवरील प्रयोग, मग रुग्णांवरील तीन टप्प्यांच्या चाचण्या, अशी दारे एकामागून एक उघडावी लागतात आणि बहुतेक द्रव्ये मध्येच अडतात.

हळदीचे उदाहरण घ्या. सांगलीच्या पेठेमुळे आपणां मराठी माणसांना हळदीचा विशेष अभिमान. जखमेवर हळद लावण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून ते १९९७ मध्ये रद्द करविले. तो विजय खरा आणि अभिमानास्पद आहे. परंतु तो मालकीच्या प्रश्नावरचा विजय होता. हळद कर्करोग बरा करते, असे त्यातून सिद्ध होत नाही. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रात अनेक कर्कपेशींची वाढ मंदावते हे खरे. शरीरात मात्र ते फार थोडे शोषले जाते आणि फार लवकर नाहीसे होते. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका विस्तृत आढाव्यात शंभरावर चाचण्यांनंतरही कर्क्युमिनचा निर्विवाद औषधी लाभ दाखविणारी एकही काटेकोर चाचणी आढळली नाही. हळद आमटीत, दुधात, हळदीकुंकवात जरूर असावी. तिच्या भरवशावर गाठ वाढू देऊ नये.

श्रोतेहो, हे मी भोपाळात बोलत आहे, याचे मला भान आहे. १९८४ च्या डिसेंबरमधील २ व ३ तारखांच्या दरम्यानची रात्र या नगरातील वडीलधाऱ्यांना विसरता येत नाही. त्या वायुकांडाच्या दूरगामी परिणामांचा अभ्यास व्हावा म्हणून १९८६ मध्ये येथील गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शहरातील कर्करुग्णांची नोंदवही सुरू झाली. या नोंदींत पुरुषांमधील तोंडाच्या व जिभेच्या कर्करोगाचे, म्हणजे तंबाखूशी निगडित रोगांचे प्रमाण मोठे दिसते. ईदगाह टेकडीवरील कर्करोग रुग्णालयाच्या आवारात दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे बसलेली आपण पाहिली असतील. त्यांच्यातील अनेकजण फार उशिरा येतात, कारण मधले महिने कोणाच्या तरी चूर्णात आणि काढ्यात गेलेले असतात.

माझ्या परिचयातील एक शिक्षक असेच गेले. जिभेवरचा व्रण लहान असतानाच निदान झाले होते. शस्त्रक्रियेचा धसका घेऊन त्यांनी सहा महिने एका जडीबुटीवाल्याचे औषध घेतले. 'झाडपाल्याचे आहे, अपाय तर होणार नाही ना?' असे ते मला म्हणाले होते. या एका वाक्याचे उत्तर देण्यासाठीच कदाचित मी एवढा इतिहास वाचला. झाडपाल्याचा अपाय होतो. कॅम्प्टोथेसिन झाडपाल्याचेच होते आणि त्याने रुग्णांची मूत्राशये रक्तबंबाळ केली. आणि झाडपाल्याचा एक अपाय असाही असतो की, तो काहीच करीत नाही आणि मधल्या काळात रोग पसरत राहतो. सुश्रुतानेही 'अध्यर्बुद' होण्याआधीची वेळ मोलाची मानली होती.

याचा अर्थ परंपरेकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. कोणत्या झाडाकडे पाहावे, हे परंपरा पुष्कळदा सांगते. ते झाड नेमके काय करते, किती मात्रेत आणि कोणाला, हे मात्र प्रयोगच सांगू शकतो. ज्ञानाच्या या दोन पायऱ्यांतील कोणतीही एक गाळता येत नाही.

राहता राहिले नरक्याचे भवितव्य. कॅम्प्टोथेसिनचा भाव जगभर चढला, तशी सह्याद्रीतील ही झाडे चोरट्या तोडीला बळी पडू लागली. खोडासकट झाड तोडून, तुकडे करून, वाळवून ते बाहेर धाडले जाते. तोडणाऱ्याला मिळते किरकोळ मजुरी आणि जंगलातून जाते ते पुन्हा उभे राहण्यास वर्षानुवर्षे घेणारे झाड. वनखात्याने असे साठे अनेकदा पकडले आहेत. हिमालयातील यू वृक्षाची, ज्याला तिकडे ठुणेर म्हणतात, टॅक्सॉलपायी अशीच दैना झाली. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. टॅक्सॉलच्या बाबतीत पुढे युरोपीय यूच्या पानांतून अर्धसिद्ध द्रव्य काढून औषध बनविण्याची रीत सापडली. पाने काढली तरी झाड जगते, हा त्या रीतीचा मोठा गुण. नरक्याच्या बाबतीतही लागवड, ऊतिसंवर्धन आणि झाडात वास करणाऱ्या बुरशीकडून हे द्रव्य मिळविणे, असे मार्ग चाचपले जात आहेत. जम्मू येथील संशोधकांनी २००५ मध्ये अशी एक बुरशी वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. हे मार्ग मोठ्या प्रमाणावर फळाला येईपर्यंत डोंगरातील झाड जपणे एवढेच आपल्या हाती आहे.

आणि झाड जपायचे तर त्याचे नाव जपावे लागते. नावाने ओळखता न येणारे झाड सरपण म्हणून तुटते. आंबोलीच्या रानातल्या ज्या माणसाने त्या दुर्गंधीला 'नरक्या' म्हटले, त्याने ते झाड इतरांहून निराळे ओळखून ठेवले. ज्याने त्याला 'अमृता' म्हटले, त्याने त्याचा कोणता गुण पाहिला होता, हे विचारण्यासाठी तो आज आपल्यात नाही. म्हणून या शाळेतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. भोपाळच्या परिसरातील झाडांची मराठी, हिंदी, गोंडी अशी स्थानिक नावे मुलांकडून गोळा करवावीत. नावाशेजारी ते सांगणाऱ्याचे गाव आणि त्याने सांगितलेला उपयोग जसाच्या तसा लिहावा. आणि त्या उपयोगापुढे 'तपासावयाचे आहे' एवढे दोन शब्द लिहिण्यास विसरू नये. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, घरात किंवा शेजारी कोणाला न भरणारा व्रण, न दुखणारी गाठ दिसली, तर त्याला प्रथम रुग्णालयाचा रस्ता दाखवावा, शक्य तर सोबत जावे. काढा घ्यायचाच असेल तर तो डॉक्टरांना सांगून, उपचार न थांबविता घ्यावा.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, ते आयुष्यभर वर्गात उभे राहून 'कशावरून?' हा प्रश्न विचारीत राहिले, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. नोबल यांनी उंदराच्या रक्ताकडे पाहून, गोविंदाचारी यांनी एका दुर्गंधी झाडाकडे पाहून आणि नंदुरबारच्या वाणींनी अर्ध्या ग्रॅम चूर्णाकडे पाहून हाच प्रश्न विचारला होता. आपल्या मुलांनाही तो विचारण्याची सवय लागो, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.